बहुतेक म्हणजे किती, आत्या?

तुम्ही शेवटचं ‘नक्की’ म्हणालात, तेव्हा तुम्हाला नेमकं किती माहीत होतं? मला उत्तर देऊ नका, स्वतःला द्या. हा प्रश्न मला माझ्या आत्याने विचारला होता आणि मी तिच्यावर चिडले होते. आता उत्तर तयार आहे, पण विचारणारी राहिली नाही. म्हणून, वाचकहो, पुढचं बरंचसं बोलणं तिच्याशी आहे. शेवटी मात्र तुमच्याकडे काम आहे, तेव्हा थांबा.

आत्या, तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. माणसं अजून भेटायला येतात. तुझं वय विचारतात, रेल्वेतली किती वर्षं झाली ते विचारतात, शेवटी काय झालं होतं ते विचारतात. बाबा प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगतात. मी उठून आत जाते. त्या माहितीत तू कुठेच नसतेस.

तू आहेस ती आपल्या पायरीवर. मी सहा वर्षांची असेन. बाबा युनियनच्या कामाला नागपूरला गेले होते आणि सकाळी तू मला म्हणालीस, “बाबा बहुतेक आज येतील.” माझी शाळा हिंदी, गल्ली हिंदी, मराठी फक्त घरातल्या तीन तोंडांतून कानावर पडायची. मी ऐकलं, ‘बहुत ठीक’. म्हणजे बाबा अगदी ठीक, पक्के, आजच येणार. मी निळा फ्रॉक घालून पायरीवर जाऊन बसले. आईने जेवायला बोलावलं तरी उठले नाही. ऊन उतरलं, बाबा आले नाहीत.

“काहून रडून राहिली वं?”

“तुम झूठ बोली!”

“मी? मी बहुतेक म्हटलं होतं.”

“हाँ! बहुत ठीक बोली थी!”

तू आधी इतकी हसलीस की शेजारच्या काकू बाहेर आल्या. मग मला मांडीवर घेऊन म्हणालीस, “चूक माझीच आहे. मी काय बोलली त्याला काय करायचं? तुला काय ऐकू गेलं, ते महत्त्वाचं.” त्या दिवसानंतर तू मला कधी ‘बहुतेक’ म्हणाली नाहीस. त्याऐवजी सांगायचीस, “फ्रॉक घाल, पण चप्पल घालू नको.” किंवा, “चप्पल घाल आणि दारातच उभी राहा.” कशाची किती आशा धरायची, ते मला कळायचं. बाबा दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मी खेळत होते.

हे तू स्टेशनवरून शिकली होतीस, हे मला फार उशिरा समजलं. पूछताछच्या, म्हणजे चौकशीच्या, खिडकीत तुझी उभी हयात गेली. कंट्रोलचा फोन यायचा, अमुक गाडी तीन तास लेट. तू तेच काचेच्या भोकातून बाहेर सांगायचं, एवढंच काम. तुझ्या शेजारची माणसं तेवढंच करायची आणि त्यांना कोणी दोष देत नसे. पण तीन तास म्हणजे तीन तास नसतात. गाडी वाटेत वेळ भरून काढते. त्याला तुम्ही लोक ‘मेकअप’ म्हणायचात. गाड्या पावडर लावतात असं मी शाळेत सांगून आले होते, तेही तुला आठवत असेल.

तू आधी तशीच होतीस, हे तूच मला सांगितलंस. मझौलीकडचा एक म्हातारा, सोबत बायको, डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला निघालेला. त्याने विचारलं, आणि तू कागदावर लिहिता लिहिता म्हणालीस, “तीन घंटे तो पक्का.” तो बायकोला घेऊन कमानिया गेटच्या बाजारात गेला. नागपूरला मुलगी होती, नातीसाठी काहीतरी घ्यायचं होतं. परत आला तेव्हा गाडी येऊन गेलेली. तो ओरडला असता तर तू विसरली असतीस, असं तू म्हणायचीस. खिडकीवर रोजच ओरडायचे. तो मात्र हातातली पिशवी सांभाळत पुढे आला आणि त्याने हळूच विचारलं, “बाई, आपने ख़ुद देखी थी क्या?”

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यात टोमणा नव्हता. पक्का म्हणणाऱ्या बाईने काहीतरी पाहिलेलं असणार, अशी त्याची समजूत होती. तू पाहिलं नव्हतंस. तू ऐकलं होतंस, तेही अशा माणसाकडून, ज्याने दुसऱ्याकडून ऐकलं होतं.

मग तू खिडकीवरची भाषा बदललीस. मी कॉलेजात असताना एकदा तुझा डबा द्यायला आले होते आणि रांगेच्या कडेला उभी राहून ऐकत होते.

“दीदी, गाड़ी कब आएगी?”

“बोर्ड पर चार बजे है। साढ़े तीन से पहले नहीं आएगी। चाय पी लो, पर घर मत जाना।”

“मतलब आएगी कब?”

“वो गाड़ी से पूछना पड़ेगा, भैया। मैं तो ये बता रही हूँ कि तुम क्या करो।”

रांगेत हशा पिकला. तो माणूस मात्र समजून गेला आणि थेट चहाच्या गाड्यावर जाऊन बसला. मला तेव्हा वाटलं, ही बाई गमतीदार आहे. इतकंच वाटलं. किती मूर्ख होते मी.

घरी कॅलेंडरची गेलेली पानं तू फाडून टाकायची नाहीस. त्यांच्या कोऱ्या बाजूवर खुणा असायच्या. आपण सांगितलं काय आणि गाडी आली कधी, याच्या त्या खुणा. एकदा मी विचारलं, “म्हणजे तू किती बरोबर निघालीस, ते?” तू म्हणालीस, “‘बहुतेक साडेतीनच्या आधी नाही’ असं मी दहादा म्हटलं, तर एकदोनदा गाडी आधी यायलाच पाहिजे. दहाच्या दहा वेळा मी बरोबर निघाली, तर मी भित्री. लोकांना उगाच फलाटावर बसवून ठेवून राहिली.” मला ते पटलं नाही. चुकणं हेही हिशेबात धरायचं, तर खोटारड्याला पकडायचं कसं? त्यावर तू म्हणालीस, “एका गाडीवरून नाही पकडता येत. पानं उलटून पाहावी लागतात.” हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं. मी अजूनही पूर्णपणे तुझ्या बाजूची नाही.

कारण मी बाबांची मुलगी. आपल्या घरात मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. कारखान्याच्या फाटकावर वाटायच्या पत्रकांचे जेवणाच्या टेबलावर मोजून गठ्ठे व्हायचे आणि मी मोठ्या टायपातले शब्द लावायची. एकता. संघर्ष. आज नहीं तो कभी नहीं. बाबांचा एक नियम होता, तो तू आणि मी दोघींनी हजारदा ऐकला: “पत्रकात ‘शायद’ लिहिलं, की माणसं शायद येतात.” मी त्यावर वाढले. आजही मला वाटतं की ज्यांच्या हातात सत्ता असते, त्यांना ‘कदाचित’ फार आवडतो. ‘विचार होऊ शकतो’, ‘शक्यता नाकारता येत नाही’, असं बोलणारा कधीच पकडला जात नाही. गरिबाच्या छपरावर ‘शक्यता’ चालून येते आणि छप्पर गेल्यावर कोणीच काही म्हणालेलं नसतं. या शब्दांचा मला राग आहे. तो राग मी सोडणार नाही.

पण त्या पिवळ्या पत्रकाचं काय, ते आज बोलू.

आपल्या अधारतालच्या मुख्य रस्त्यावर दुकानांच्या भिंतींवर एका सकाळी लाल रंगाच्या खुणा दिसल्या. दोन माणसं फीत घेऊन आली होती, रंग मारून गेली. कोणी काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येक दुकानात एकच बोलणं, रस्ता रुंद होणार, दुकानं जाणार. मी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात: ‘पंद्रह दिन में बुलडोज़र आएगा!’ तू चष्मा लावून वाचलंस.

“पंधरा दिवस? कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणून राहिले.”

“सगळे म्हणजे किती जण?”

“आत्या, ही तुझी पूछताछची खिडकी नाही.”

“खिडकीच आहे. फक्त इथे माणूस परत येऊन विचारू शकत नाही.” मग तू चष्मा काढलास. “तुला स्वतःला किती नक्की वाटतं? सांग बरं, रुपयात किती पैसे?”

“अर्धे तरी,” मी म्हटलं. एवढं खरं तरी मी तुला सांगितलं. “पण अर्धं लिहिलं तर सभेला कोण येणार?”

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज, “शायद लिहिलं की माणसं शायद येतात!”

“तुम्ही चूप बसा, दादा,” तू म्हणालीस. आणि मला, “लिही, खुणा आपण पाहिल्या. लिही, कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. लिही, उद्या महापालिकेच्या दफ्तरात जाऊन विचारू, सगळे चला. यात आग कमी आहे का?”

कमी नव्हती. आज मला दिसतं. तेव्हा मी म्हटलं, “तू आयुष्यभर लोकांना वाट पाहायला शिकवलंस, आत्या. मला त्यांना उभं करायचं आहे.” तू भाजी चिरायला घेतलीस. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. आता कोणाकडून घेऊ?

सभेला हॉल भरला. मी बोलले, टाळ्या पडल्या. पंधरा दिवस गेले. सोळावा गेला, महिना गेला, बुलडोझर आला नाही. त्या खुणा पाण्याच्या पाइपलाइनच्या मापाच्या होत्या, असं पुढे कोणी म्हणालं. तेही ऐकीवच. मी स्वतःशी म्हटलं, आपण जागे झालो म्हणून ते घाबरले. हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं, पण मी ते दुसऱ्या सभेत सांगितलंसुद्धा.

आणि मधल्या काळात फुलाबाई दुकान उचलून निघून गेली होती. आपलं दळण जिच्याकडे जायचं ती. सभेला ती आलीच नव्हती. तिने फक्त पत्रक वाचलं, म्हणजे मुलीकडून वाचून घेतलं. आठव्या दिवशी भाड्याचं दुकान सोडलं, चक्की टेम्पोवर चढवली आणि मझौलीला भावाच्या घरी नेऊन ठेवली. मशीन ढिगाऱ्याखाली जाऊ नये म्हणून. दुकान लगेच मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतलं. ती परत आली तेव्हा मुख्य रस्त्यावर तिला जागा नव्हती. मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड मिळाली, तिथे कोणाची वर्दळ नाही.

तू मला हे सांगितलंस तेव्हा पिठाचा डबा रिकामा घेऊन परत आली होतीस. “फुलाकडे जाऊन ये,” म्हणालीस. मी म्हटलं, “जाईन.” पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणालीस. मी म्हटलं, “चूक कबूल केली की उद्या खरा बुलडोझर आला तर कोण विश्वास ठेवेल?” तू म्हणालीस, “आज ठेवतील का?” मी दार आपटून निघून गेले. तू तिसऱ्यांदा म्हणाली नाहीस. तुझी पद्धतच ती.

मग तुझा श्वास बिघडला आणि आपण दवाखान्यात. तरुण डॉक्टर, डोळ्यांखाली काळं, हातात फाइल. “देखिए माताजी, हम कोशिश कर रहे हैं। कुछ कहा नहीं जा सकता।”

“बेटा, कुछ तो कहा जा सकता है,” तू नळीआडून म्हणालीस. “मैं स्टेशन पर थी। मुझे बस इतना बता, चाय पीने जाऊँ, या घर भी हो आऊँ?”

त्याला काही कळेना. मी त्याला समजावलं, चहा म्हणजे वेळ थोडा, घर म्हणजे बराच. तो हसला, मग हसू गेलं. स्टूल ओढून तुझ्याजवळ बसला आणि फार हळू म्हणाला, “चाय पी लीजिए, माताजी। घर का अभी मत सोचिए।”

तू त्याचा हात थोपटलास. तो गेल्यावर म्हणालीस, “चांगला आहे पोरगा. खिडकीवर चालला असता.”

मी काय केलं? मी म्हटलं, “तो काहीही म्हणो, तू नक्की बरी होशील.” तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. मझौलीच्या त्या म्हाताऱ्याने तुझ्याकडे कसं बघितलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. तू म्हणालीस, “डॉक्टरने मला खरं सांगितलं. तू पण सांग ना. आपल्याला बोलायला वेळ मिळेल.” आणि मी चहा आणते म्हणून उठून गेले. परत आले तेव्हा तू झोपली होतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. माझ्या ‘नक्की’ने आपली ती शेवटची संध्याकाळ खाल्ली. तुला काय बोलायचं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

तेरावं झालं आणि मी फुलाबाईकडे गेले. मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये. ती एका उलट्या डब्यावर बसून होती. चक्की अजून टेम्पोच्या दोरीत बांधलेलीच.

“आओ दीदी। बुआजी का सुना। बहुत सीधी थीं।”

मी तिला सांगितलं. पंधरा दिवस हे मी मनाने लिहिलं होतं, मला माहीत नव्हतं, मला अर्धंच वाटत होतं आणि मी पुरतं लिहिलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी शिव्यांची तयारी करून गेले होते. ती म्हणाली, “पर्चे में छपा था न, दीदी। छपी बात झूठ थोड़ी होती है।” आणि माझ्याकडेच जरा दयेने बघितलं, जणू त्या पत्रकाने मलाही फसवलं होतं.

मग तिने विचारलं, “तो अब बताओ। टूटेगा कि नहीं?”

आत्या, अख्ख्या आयुष्यात मला एवढा अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. ‘नाही’ म्हणावंसं वाटलं, कारण ती थकलेली दिसत होती. ‘हो’ म्हणावंसं वाटलं, कारण ती माझी सवय. ‘पता नहीं’ म्हणणंही पळून जाणंच झालं असतं. तिला त्यातून काय मिळालं असतं? आपण ज्यावर भांडलो, ते मला तिथे उलगडलं. एक ‘कदाचित’ बोलणाऱ्याची कातडी वाचवतो, आणि दुसरा ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी देतो. तू दुसऱ्याबद्दल बोलत होतीस. मी पहिल्यावर भांडत होते.

मी म्हटलं, “निशान मैंने देखे हैं, अभी भी हैं। पाइपलाइन वाली बात सुनी हुई है। दफ़्तर में अर्ज़ी दी है, जवाब नहीं आया। इस गली में निशान नहीं है, वो मैं अभी देखकर आई। मुझे लगता है इस साल कुछ नहीं होगा। तुम चक्की जमा लो, पर फ़र्श पक्का मत कराओ।”

ती म्हणाली, “हाँ। ये काम की बात हुई।” आणि उठून दोरी सोडायला लागली. मीही हात लावला. चक्की फार जड असते, आत्या, हे मला माहीत नव्हतं.

मी दुसरं पत्रक लिहिलंय. त्यात पहिल्यात काय चुकलं ते आहे आणि खाली माझं नाव आहे. मी पाहिलेलं, ऐकलेलं आणि मला वाटलेलं, तिन्ही वेगवेगळं लिहिलंय. बाबांनी वाचलं. “याने सभेला कोणी येणार नाही,” म्हणाले. मी म्हटलं, “बहुतेक नाही.” ते कागद खाली ठेवून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पत्रकं चिकटवायला मैद्याची खळ शिजवत बसले. तुझा दादा आहे. तुझ्यासमोर कधी कबूल केलं नसतं.

तुझे आभार मानायला हवेत, ते येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, “असू दे वं.” मी फक्त एवढं सांगते, की तू मला वाट पाहायला शिकवलं नाहीस. किती वाट पाहायची आणि कधी उठायचं, ते शिकवत होतीस. मी उशिरा शिकले.

आता, वाचकहो, तुमचं काम. अधारताल आणि आसपासच्यांनो, फुलाबाईची चक्की मोबाइलवाल्याच्या मागच्या गल्लीत आहे. मशीन बसलं आहे. विजेची जोडणी गुरुवारी मिळेल असं तिला सांगितलं गेलंय. माझ्या मते सोमवारी चक्की चालू असेल, पण मी ते पक्कं म्हणत नाही. तरीही सोमवारी दळण घेऊन या. चक्की बंद असली तर धान्य परत नेऊ नका आणि दुसरीकडेही टाकू नका. डब्यावर नाव लिहून तो तिथेच फुलाबाईकडे द्या. चालू झाल्यावर पीठ तुमच्या दारात आणून द्यायचं काम माझं. आणि ते पिवळं पत्रक कोणी ठेवलं असेल, तर डब्यासोबत तेही आणा. ‘पंद्रह दिन’ या शब्दांवर मी तुमच्यासमोर, माझ्या हाताने काट मारीन.